पाखरं मोजून काय मिळतं?



फेब्रुवारी महिन्यात आमच्या वर्गातल्या नऊ जणांनी गावातली पाखरं मोजली. सक्ती नव्हती. गुरुजींनी विचारलं, आम्ही हात वर केले. सकाळी वही-पेन्सिल घेऊन ओढ्याकडे निघालो, तर पारावरचे एक आजोबा म्हणाले, "पाखरं मोजून काय मिळतं रे?" सगळे हसले. मला तेव्हा काही सुचलं नाही. आज उत्तर देतो.

आमच्या विहिरीवर एक बाभूळ होती. पावसाळ्यात तिच्यावर सुगरणींची घरटी लोंबायची. गेल्या उन्हाळ्यात ती तोडली. फांद्यांबरोबर जुनी घरटीही चुलीत गेली. घरटी किती होती? वडील म्हणतात वीस, काका म्हणतात पन्नास. खरा आकडा कुणालाच ठाऊक नाही, कारण कुणी लिहूनच ठेवला नाही. आपण गुरं मोजतो, पोती मोजतो, म्हणून एक कमी झालं की लगेच कळतं. पाखरांचं कसं कळणार?

मोजणी अवघड नाही. निदान पंधरा मिनिटं लक्ष देऊन बघायचं. तारीख, वेळ, जागा लिहायची. आवाज ओळखता आला तर तोही धरायचा. दयाळ पानांत लपला तरी त्याची शीळ लपत नाही. चंडोल तर माळावरून गात गात इतका वर जातो, की मान दुखते. बुलबुल सारखे ये-जा करतात, म्हणून एका वेळी जास्तीत जास्त जेवढे दिसले तेवढेच लिहायचे. नाव येत नसेल तर अंदाजाने ठोकून द्यायचं नाही.

इथं माझी एक चूक सांगतो. मित्राच्या वहीत बारा बुलबुल होते, माझ्या वहीत सात. मी चौदा लिहिले. गुरुजींनी ओळखलं, पण ते रागावले नाहीत. म्हणाले, "उद्या तुझी वही बघून कुणी म्हणेल, इथं पाखरं भरपूर आहेत, झाडं तोडली तरी चालतील." मी चौदा खोडून सात केले. खोट्या आकड्यानेही पाखरू मरतं, हे मला त्या दिवशी समजलं.

फेब्रुवारीतली ही चार दिवसांची गणना जगभर होते. भारतात ती २०१३ पासून चालू आहे. सन २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे. त्यासाठी सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी वापरल्या. नीलपंख कमी होत आहे आणि कोकीळ वाढत आहे, हे त्यावरूनच कळलं. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते हेच.

पालक म्हणतील, पाखरं ज्वारी खातात. खातात, खरं आहे. पण चिमणी आणि सुगरण पिलांना किडे भरवतात, हेही खरं आहे. गोफण फिरवून पाखरं हाकला, आमची तक्रार नाही. गलोल मात्र नको. थोर पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनीही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांना पक्ष्यांचा नाद लागला. आपण पाखरू न मारताही विचारू शकतो.

माझं मत असं, की दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात मोजणी व्हावी. येत्या पावसाळ्यात आम्ही सुगरणींची घरटी मोजणार आहोत. पालकांना हात जोडून एकच विनंती : बाभूळ तोडण्याआधी आमची वही एकदा बघा.

आजोबा, पाखरं मोजून पैसा मिळत नाही. पण काय गेलं, ते कळतं. आणि कळलं तर राखता येतं.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी