एरर आला नाही, म्हणून बरोबर?

बारावीत इन्व्हर्स काढताना उजवीकडे जी मॅट्रिक्स लिहायचो ती आठवतेय? तिरप्या रेषेत १, बाकी सगळीकडे ०. तीच आयडेंटिटी मॅट्रिक्स. तिने कुठल्याही मॅट्रिक्सला गुणा, काही फरक पडत नाही. कॉलेजात आल्यावर ती हाताने लिहायची वेळच येत नाही, कारण सॉफ्टवेअरमध्ये तिची एका शब्दाची कमांड असते, ‘आय’. उच्चार गणितातल्या आय या अक्षराचा, स्पेलिंग मात्र डोळ्याचं!

आता पनवेलकरांचा जर्नल लिहायचा फॉर्म्युला तुम्हाला काय सांगायचा. सीनियरच्या फाइलचे फोटो ग्रुपवर येतात, लोकल इथूनच सुटत असल्यामुळे बसायला जागा मिळते आणि वाशी येईपर्यंत कोड उतरवून होतो. मीही तेच केलं होतं. फोटोतला कोड मॅटलॅबचा होता आणि आमच्या लॅबमध्ये सायलॅब. दिसायला दोन्ही सारखेच, त्यामुळे कोड चाललासुद्धा.

आणि घोळ नेमका इथेच आहे. मॅटलॅबमध्ये आय(३) लिहिलं की ३ बाय ३ ची मॅट्रिक्स मिळते. पायथनच्या नमपायमध्येही तसंच. सायलॅब मात्र त्या एकट्या ३ लाच १ बाय १ ची मॅट्रिक्स समजतो आणि तुमच्या हातात नुसता १ ठेवतो. तिथे आय(३,३) लिहावं लागतं.

मग काय होतं ते बघा. पहिल्या ओळीत २, १ आणि दुसरीत १, २ अशी मॅट्रिक्स घ्या. तिची एक आयगन व्हॅल्यू ३ आहे. म्हणजे तिच्यातून ३ गुणिले आयडेंटिटी वजा केली की डिटरमिनंट ० यायला हवा. सायलॅबमध्ये आय(२) लिहिलंत तर चारही आकड्यांतून ३ वजा होतात आणि उत्तर येतं -३. लाल अक्षरात काही येत नाही. व्हायवात मात्र सगळं बाहेर येतं, आणि माझं आलंच.

यावर ‘सायलॅब बंडल आहे, मॅटलॅबचा क्रॅक टाक’ असा सल्ला देणारा मित्र प्रत्येकाला असतो. मला तो पटत नाही. सायलॅब मूळचा फ्रान्सचा आणि फुकट आहे. आपल्या पवईच्या आयआयटीतला ‘फॉसी’ प्रकल्प त्याचा प्रसार करतो. तिथल्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’चे सायलॅबवरचे व्हिडिओही आहेत. चोरीचं सॉफ्टवेअर शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात त्यातले दोन-तीन बघून होतील.

पुढच्या प्रॅक्टिकलला २ बाय २ चं एक गणित आधी कागदावर सोडवा आणि मगच कमांडला विचारा. आणि सीनियर झालात की जर्नलचा फोटो टाकताना वर एक ओळ लिहा, कोड कुठल्या सॉफ्टवेअरचा आहे त्याची.