पाणी घालणं म्हणजे दया नव्हे



गेल्या भाद्रपदात, दशलक्षण पर्वात, मंदिरात प्रतिक्रमण करून मी घरी आले. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, वनस्पती, पाचही स्थावर जीवांची मनापासून क्षमा मागितली होती. साडी बदलून गॅलरीत गेले आणि जेडच्या कुंडीतलं एक वाळकं पान काढायला हात लावला, तर आख्खी फांदी हातात आली. बुंधा काळा, मऊ, कुजक्या बटाट्यासारखा वास. त्या झाडाला मी रोज सकाळी न चुकता, गाळलेलं पाणी घालत होते.

दोन वर्षांत अशी अकरा झाडं माझ्या हातून गेली. जेड, एचेव्हेरिया, हावर्थिया, एक कोरफडसुद्धा. मोजून सांगते आहे, कारण हिशेब न ठेवता "माझ्या हाताला झाडं येत नाहीत" म्हणणं फार सोपं असतं. हाताचा काही दोष नव्हता. तो अतिपाण्याचा होता आणि त्या अतिपाण्याला मी दया समजत होते.

आता माझं मत स्पष्टच मांडते. मांसल पानांच्या झाडांना रोज पाणी घालणं ही हिंसा आहे आणि ती प्रमादातून होणारी आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार आहेत, त्यात प्रमादचर्या येते. विनाकारण माती उकरणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं. आपण हे वाचतो आणि आपल्या डोळ्यांसमोर नळ सोडून गप्पा मारणारी शेजारीण येते. हातात झारी घेतलेल्या आपण स्वतः कधी येत नाही.

या झाडांची रीतच वेगळी. ती पानात, खोडात पाणी साठवून ठेवतात. दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. मुळांना मात्र हवा लागते. माती सतत ओली राहिली की मातीतल्या पोकळ्यांत पाणी भरतं, मुळं गुदमरून मरतात आणि मेलेल्या मुळांवर बुरशी चढते. ती बुंध्यापर्यंत येईतो आपल्याला वरून काही दिसत नाही.

फसगत होते ती इथेच. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून वरची पानं सुरकुततात. आपल्याला वाटतं तहानलं, म्हणून आणखी एक तांब्या. माझी निम्मी झाडं याच शेवटच्या तांब्याने गेली असावीत. सुरकुतलेलं पान दिसलं की आधी मातीकडे बघा. कुंडीत बांबूची काडी तळापर्यंत घालून पाच मिनिटांनी काढा. काडी कोरडी आली आणि पान चामड्यासारखं लवचीक असेल, तर खरी तहान. काडीला ओली माती चिकटली आणि पान पिवळट, काचेसारखं आरपार, दाबलं की पचकणारं असेल, तर तांब्या खाली ठेवा. सगळ्यात खालची एक-दोन पानं कागदासारखी वाळून गळणं हे म्हातारपण आहे, त्याची काळजी नको.

झाड वाचवायचं तर कुंडीबाहेर काढून ओली माती झाडावी लागते. काळी, मऊ मुळं स्वच्छ सुरीने कापायची. बुंध्यात तपकिरी डाग दिसत असेल तर तो संपून हिरवा-पांढरा छेद दिसेपर्यंत वर वर कापत जायचं. मग सावलीत चार-सहा दिवस तसंच ठेवायचं, जखम सुकू द्यायची, आणि मगच कोरड्या मातीत लावायचं.

माझ्या जाऊबाईंचा आक्षेप इथेच होता. "अहो, छेदन करताय तुम्ही, तेही पर्वात!" त्यांचं बोलणं मी उडवून लावणार नाही. मी पर्व संपेपर्यंत थांबले, आणि तेवढ्यात ती जेड पूर्ण गेली. ते अजून मला लागून आहे. कुजलेला भाग ठेवून सबंध जीव जाऊ देणं हे मला आज यत्नाचार वाटत नाही. शिवाय कापल्यावरही पुन्हा उगवणं हे साधारण वनस्पतीचं एक लक्षण म्हणून गोम्मटसार जीवकांडात सांगितलंच आहे. यांतल्या बऱ्याच झाडांचं नुसतं निरोगी पान मातीवर ठेवलं तरी त्याला पिल्लू फुटतं. एका पानात किती जीव मानायचे, याचा विचार केला की झारीचा हात आपोआप आखडतो.

ओल्या मातीत फक्त झाड मरत नाही. वर हिरवं शेवाळ येतं, पांढरी बुरशी येते, दोन्ही आपण अनंतकाय मानतो. बारीक काळी चिलटं होतात. बशीत साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणजे एका स्थावर जीवाच्या काळजीपोटी आपण त्रसांची वसाहत उभी करतो आणि मग तीवर फवारा मारतो.

दुसरा राग माझा भेटवस्तूंवर आहे. हल्ली वास्तुशांतीला, बारशाला चिनी मातीच्या इवल्या कपात ही रोपं देतात. तळाला भोक नाही, वरून खडे गोंदाने चिकटवलेले. "खाली गोटे घातलेत, पाणी निचरतं," असं दुकानदार सांगतो. भोकच नाही तर पाणी निचरून जाणार कुठे? ते गोट्यांत साचतं आणि माती खालून ओलीच राहते. असं रोप मिळालं तर पहिल्याच आठवड्यात भोक असलेल्या साध्या, न रंगवलेल्या मातीच्या कुंडीत हलवा. निम्मी बागेची माती आणि कंपोस्ट, निम्मी जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे. रोपवाटिकेतलं रोप बहुधा कोकोपीटमध्ये असतं. मुळांभोवतीचा तो गोळा हलक्या हाताने सोडवा, नाहीतर बाहेरची माती सुकली तरी आतला गाभा ओला राहतो.

पाणी कधी घालायचं, याला वार ठरवू नका. मी स्वयंपाकघरातला जुना वजनकाटा गॅलरीत नेला आहे. पाणी घालून निथळल्यावर कुंडीचं वजन लिहिते आणि पूर्ण सुकल्यावरचंही. आता लावलेल्या जेडची कुंडी ओली ८४० ग्रॅम, कोरडी ५६०. वजन तिथे उतरलं की त्यानंतर दोन-तीन दिवस थांबून, भोकातून वाहेपर्यंत एकदाच पाणी, आणि बशी लगेच रिकामी. उन्हाळ्यात हे आठ-दहा दिवसांनी होतं, थंडीत तीन आठवड्यांनी. चातुर्मासात कुंड्या पावसाच्या झडीपासून आत घेते.

या जुलैत वहीच्या पानावर सलग पंचवीस दिवस पाण्याच्या रकान्यात रेघ आहे. जाऊबाईंनी वही पाहिली आणि त्यांच्या हावर्थियाची कुंडी घेऊन आल्या. वजन केलं, ती अजून ओलीच निघाली.