लोखंडी खिळे आणि पाषाणाचा घुमट

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा नावाची पर्वतरांग आहे. तिच्या कुशीतील योसेमिटी दरीच्या पूर्व टोकास एक प्रचंड पाषाण उभा आहे. त्याची एक बाजू घुमटासारखी गोल, तर दुसरी तासून काढल्यासारखी सरळ; म्हणून त्याला हाफ डोम, म्हणजे अर्धा घुमट, असे नाव पडले. समुद्रसपाटीपासून त्याची उंची 2,694 मीटर आहे आणि दरीच्या तळापासून तो सुमारे 1,450 मीटर वर उठलेला आहे. या पर्वतावरील चढाईचा इतिहास हा पुष्कळ अंशी लोखंडाचा इतिहास आहे. म्हणूनच तो वाचताना एक प्रश्न मनात उभा राहतो. पाषाणात लोखंड ठोकून जो वर गेला, त्याने पर्वत सर केला असे म्हणावे काय?

त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी तो पाषाण कसा आहे हे कळले पाहिजे. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. त्यामुळे त्याच्या कड्यांना जागोजाग टप्पे पडलेले असतात आणि पाय टेकण्यास कोठे ना कोठे जागा सापडते. ग्रॅनाइटची गोष्ट निराळी. भूगर्भात खोलवर शिलारस सावकाश थिजून तो तयार होतो. पुढे लक्षावधी वर्षांनी वरचे ओझे झिजून गेले, की त्याच्यावरील दाब कमी होतो आणि कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे त्याचे थर सुटू लागतात. कोपरे गळून पडतात. उरतो तो केवळ गुळगुळीत गोलावा. या घुमटाचा दुसरा अर्धा भाग हिमनदीने कापून नेला असावा, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु भूशास्त्रज्ञांच्या मते तो पूर्ण घुमट कधी नव्हताच. उभ्या भेगांच्या रेषेने खडक निखळत गेला आणि ती सरळ भिंत तयार झाली.

एकोणिसाव्या शतकात जोसाया व्हिटनी या नामांकित भूशास्त्रज्ञाने या प्रदेशाची पाहणी केली. या शिखरास मनुष्याचा पाय बहुधा कधीच लागणार नाही, असा अभिप्राय त्याने लिहून ठेवला. विद्वानाने ‘कधीच नाही’ असे म्हणावे आणि कोणा कारागिराने ते खोटे पाडावे, हा प्रकार जगात नवा नाही.

पहिला धाडसी प्रयत्न जॉन कॉन्वे या वाटा बांधणाऱ्या माणसाने आपल्या लहान मुलांसह केला. ही मुले अनवाणी पायांनी पालीसारखी खडकावर चढत आणि भेगांत कडीचे खिळे ठोकून त्यांना दोर बांधीत. परंतु पुढे भेगाच संपल्या. अखंड पाषाणात भोके पाडल्याखेरीज गत्यंतर नाही असे दिसताच कॉन्वेने माघार घेतली. ही माघार भित्रेपणाची होती असे कोणी म्हणू नये. मुलांचा जीव पणास लावून मिळवलेल्या शिखराला शोभा नसते.

त्यानंतर 1875 साली जॉर्ज अँडरसन पुढे आला. हा मूळचा स्कॉटलंडचा; पूर्वी खलाशी होता आणि लोहारकामात तरबेज होता. त्याने अनवाणी चढून पाहिले. तळव्यांना चिडाची राळ फासूनही पाहिले. पाय टिकेना. शेवटी त्याने छिन्नी आणि हातोडा हाती घेतला. पाषाणात भोक पाडावे, त्यात कडीचा खिळा बसवावा, त्या खिळ्यावर पाय ठेवून पाच-सहा फूट वर दुसरे भोक पाडावे, असा त्याचा क्रम होता. खाली खोल दरी, पायाखाली एक खिळा आणि हातात छिन्नी! असे काही दिवस काम करून 12 ऑक्टोबर 1875 रोजी तो माथ्यावर पोहोचला. त्याने दोर तसाच ठेवला आणि त्या दोराच्या आधाराने लवकरच इतर लोकही वर जाऊन आले.

अँडरसनने कपट केले, असे म्हणणारे आजही भेटतील. ते मान्य करता येत नाही. त्याने ठोकलेल्या प्रत्येक खिळ्याची किंमत त्याने स्वतःच्या श्रमांनी चुकती केली होती, आणि पुढचा खिळा बसेपर्यंत त्याचा स्वतःचा जीव मागच्या खिळ्यावर तोललेला होता. मात्र जे त्याच्या दोराला धरून वर गेले, त्यांनी ‘आम्ही पर्वत जिंकला’ अशी बढाई मारणे उचित नव्हे. ते अँडरसनचे ऋणी होत.

त्याच वर्षी नोव्हेंबरात निसर्गप्रेमी लेखक जॉन म्यूर हिमवर्षावानंतर त्या वाटेने वर गेला. हे शिखर मनुष्याने न तुडवता तसेच राहू द्यावे, असे त्याचे मत होते. आता तेथील झाडांवर लोक आपली नावे कोरतील आणि पत्र्याचे डबे टाकतील, अशी भीती त्याने व्यक्त केली. ज्यांनी आपल्या गडकोटांच्या भिंतींवर खडूने आणि कोळशाने लिहिलेली नावे पाहिली आहेत, त्यांना म्यूरची भीती अवास्तव वाटणार नाही.

1919 साली सिएरा क्लब या संस्थेने त्या वाटेवर पोलादाचे दोन जाड दोर कायमचे बसविले. तथापि घुमटाची सरळ भिंत अजून कोणी चढले नव्हते. जून 1957 मध्ये रॉयल रॉबिन्स, जेरी गॅलवास आणि माइक शेरिक हे तिघे पाच दिवसांत ती सुमारे 600 मीटर उंचीची भिंत चढून गेले. त्यांनी भेगांत पोलादी मेखा ठोकल्या. परंतु मेख ठोकावी, उपटावी, पुन्हा ठोकावी, असे वारंवार घडले म्हणजे भेगेच्या कडा फुटतात आणि खडक विद्रूप होतो. हे ओळखून पुढे रॉबिन्सनेच मेखांऐवजी हाताने अडकविता आणि काढता येतील अशा धातूच्या पाचरींचा पुरस्कार केला. 1973 साली गेलन रॉवेल, डेनिस हेनेक आणि डग रॉबिन्सन यांनी तीच भिंत हातोडा न वापरता पार केली. मार्ग आधीच ठाऊक असल्यामुळे त्यांचे काम थोडे सोपे झाले, हे खरे. तरीही या दोन चढायांत दुसरीचा मान अधिक मानला पाहिजे. कारण मागून येणाऱ्यास तो पाषाण त्यांनी पाहिला तसाच पाहावयास मिळाला.

यावर कोणी विचारील, की मग दोरही नको, काहीच नको, असे का म्हणू नये? 2008 साली अ‍ॅलेक्स होनॉल्ड हा तरुण दोराशिवाय एकटा ती भिंत चढून गेला. त्याचे कौशल्य असामान्य आहे. परंतु खडक जपणे निराळे आणि जीव उधळणे निराळे. दोर पाषाणास इजा करीत नाही. म्हणून तो टाकून देण्यात पर्वताचा काही लाभ नाही.

पोलादी दोरांच्या वाटेने येणाऱ्यांची संख्या पुढे फार वाढली. दोर हाताशी असला की माणसाला आकाशाचा विसर पडतो. उघड्या माथ्यावर वीज कोसळण्याचा धोका असतो. जुलै 1985 मध्ये तेथे वीज पडून दोघांचा मृत्यू झाला. वाटेवरील गर्दीमुळे संकटसमयी त्वरेने खाली उतरणेही कठीण होऊ लागले. म्हणून 2010 पासून परवाने देण्यास आरंभ झाला आणि दिवसाला सुमारे 300 जणांनाच वर सोडावे असे ठरले. दोर अजिबात काढून टाकावेत, असे म्हणणारेही होते. वाट रुंद करून दोर वाढवावेत, असे म्हणणारेही होते. दोन्ही न करता संख्येलाच मर्यादा घातली गेली, हा निर्णय समंजसपणाचा होता. ज्यांना परवाना मिळत नाही त्यांची निराशा होते खरी. परंतु दरीत उभे राहून तो घुमट पाहण्यास परवाना लागत नाही. दरवर्षी ऑक्टोबरात पोलादी दोरांचे खांब काढून ठेवतात आणि दोर पाषाणावर आडवे पडून राहतात. मग बर्फ पडते, आणि वसंत ऋतू सरेपर्यंत त्या वाटेवर सहसा कोणी फिरकत नाही.