जागा वाचवा, पण फॉन्ट उडवू नका!

जुन्या पीसीवर जागा कमी पडली की लोक आधी काय उडवतात? फॉन्ट! "एवढे दोनशे फॉन्ट कशाला लागतात?" असं म्हणायचं आणि डिलीट. इंग्रजी पत्रं लिहिणाऱ्याचं यात फारसं बिघडत नाही. मराठी माणसाचं मात्र कायमचं नुकसान होऊ शकतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

विषय निघाला तो आमच्या कापूरहोळमध्ये. सातारा रस्त्यावरून भोरकडे वळायचा फाटा, तेच हे गाव. इथल्या ओळखीच्या एका काकांनी डीटीपीच्या कामाचा विंडोज ९८ वाला पीसी अजून जपून ठेवलाय. डिस्क २ जीबीची. तीत लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, सोसायटीचे अहवाल... सगळं ठासून भरलेलं. "जरा साफसफाई करून दे रे," म्हणाले.

आता थोडं तांत्रिक. १९९१ च्या इस्की मानकात मराठीची प्रत्येक खूण एका बाइटची. 'कापूरहोळ' लिहायला ८ बाइट पुरतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये त्यालाच २४ लागतात. पण डीटीपीचे बरेचसे जुने फॉन्ट या दोन्हींत बसत नाहीत. काना, वेलांटी, अर्धा क यांना प्रत्येक कंपनीने आपापले क्रमांक दिले. फाईलमध्ये असतात ते नुसते क्रमांक, अक्षर असतं फॉन्टमध्ये. फॉन्ट गेला की अहवालाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आणि हे सगळं कशासाठी? फॉन्टमागे शंभरेक केबी वाचवायला!

खरी जागा जाते दुसरीकडे. २ जीबीचं पार्टिशन फॅट-१६ चं असेल तर एक क्लस्टर ३२ केबीचा. म्हणजे २ केबीची पत्रिकासुद्धा ३२ केबी अडवते. अशा १०० फाईलींत मजकूर २०० केबी, पण जागा ३२०० केबी! त्यांची एकच झिप करा, बघा किती मोकळं होतं ते. टेम्प फोल्डर आणि ब्राउझरची साठवण बिनधास्त पुसा. विंडोज ९८ मधला ड्राइव्ह कन्व्हर्टर वापरून फॅट-३२ केलंत तर क्लस्टर ४ केबीवर येतो. फक्त डॉस ६.२२ ला ती डिस्क मग वाचता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

अख्खी डिस्क दाबणारं ड्राइव्हस्पेस मात्र नको. १९९३ मध्ये डॉस ६.० बरोबर डबलस्पेस आलं, पुढच्या वर्षी ६.२२ मध्ये ड्राइव्हस्पेस. यात सगळा डेटा एकाच लपवलेल्या फाईलीत जातो. ती बिघडली की सगळंच धोक्यात. म्हाताऱ्या डिस्कवर हा जुगार कशाला?

"जुनी पत्रकं आता कोण वाचणार?" असं काही जण म्हणतील. लग्नपत्रिकेचं सोडा, पण गावच्या सोसायटीचा वीस वर्षांपूर्वीचा अहवाल दुसरीकडे कुठे मिळणार आहे का? कागद असला तर वाळवीने खाल्लेला.

तेव्हा काहीही पुसण्याआधी अख्ख्या डिस्कची प्रत काढा. २ जीबी म्हणजे आजच्या पेनड्राइव्हचा एक कोपरा. फॉन्ट आणि फाईली एकाच फोल्डरमध्ये ठेवा. तयार कन्व्हर्टर नाही मिळाला तरी फॉन्ट समोर असला की कोणता क्रमांक म्हणजे कोणतं अक्षर हे बघून तक्ता करता येतो, आणि मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो.

मग अक्षरामागे तीन बाइट गेले तर जाऊ देत की!