हातोडी खाली ठेवा

टाय रॉड एंडच्या पिनवर हातोडी घालणाऱ्याला मी मेकॅनिक मानत नाही. त्याचे केस धंद्यात पांढरे झालेले असोत, हाताखाली चार पोरं असोत, मला फरक पडत नाही. तो जॉइंट सोडवत नाही, फोडतो. आणि त्याच्याहून जास्त संताप मला गाडीच्या मालकाचा येतो. रंगासाठी लाख मोजायचे, बंपरच्या क्रोमसाठी महिनाभर थांबायचं, सीटचं कापड जुन्या फोटोशी ताडून बघायचं. पण ज्या जॉइंटवर पुढची चाकं वळतात, तो सोडवायला हजार-दीड हजाराचा पुलर घ्या म्हटलं की तोंड वाकडं करायचं.

मी बोलतोय ते मुख्यतः प्रीमियर पद्मिनीबद्दल. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1964 मध्ये ही गाडी फियाट 1100 डिलाइट म्हणून काढली, 1974 मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईत या मॉडेलची शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी वर्तमानपत्रांतून सगळे हळहळले. पण त्या हळहळीत एक रोकडा हिशेब कुणी मांडला नाही. टॅक्सी होत्या तोवर या गाडीच्या सुट्या भागांना गिऱ्हाईक होतं. टॅक्सी गेल्या, गिऱ्हाईक गेलं. ऑपेरा हाऊसला किंवा पुण्यात नाना पेठेत मूळ कंपनीचा टाय रॉड एंड आता नशीब असेल तर मिळतो. एरवी हातात पडतो तो डुप्लिकेट. त्याच्या रबराचा भरवसा नाही आणि पिनच्या मापाचाही नाही. म्हणून गाडीत आज जो चांगला जॉइंट आहे तो जपायचा. स्टिअरिंगचा आर्म तर त्याहून जपायचा, कारण तो बदलायला दुसरी गाडी भंगारात निघावी लागते.

हा जॉइंट इतका घट्ट का बसतो, हे समजून घेतलं की निम्मी मारझोड थांबेल. बॉल जॉइंटची पिन निमुळती असते. युरोपीय गाड्यांत साधारणपणे दर 10 मि.मी. लांबीला तिचा व्यास जेमतेम 1 मि.मी.ने बदलतो. आर्मचं भोकही त्याच उताराचं. नट आवळला की पिन भोकात ओढली जाते आणि पोलाद पोलादाला धरून बसतं. उतार इतका कमी असतो की नट काढला तरी पकड सुटत नाही. ती तशी सुटू नये म्हणूनच जॉइंट असा बनवलेला आहे. वर तीस-चाळीस पावसाळ्यांचा गंज. आता पिनच्या टोकावर सरळ घाव घाला. पहिल्या दोन-तीन घावांतच टोक छत्रीसारखं पसरतं आणि आटे मिटतात. पिन आर्ममधून निघाली तरी नट पुन्हा चढत नाही. आत त्या घावाचा सगळा मार बॉल आणि त्याच्या बैठकीवर जातो. चांगला जॉइंट तिथेच संपला. मग गिऱ्हाइकाला सांगायचं, "साहेब, जॉइंट गेलाच होता." जॉइंट गेला नव्हता, तुम्ही घालवलात.

दुसरं हत्यार म्हणजे दोन पात्यांची पाचर. ती जॉइंट आणि आर्मच्या मध्ये ठोकतात. स्वस्त असते, झटपट काम करते, म्हणून गॅरेजवाल्यांच्या आवडीची. पण पाती घुसतात ती थेट रबर बूटमधून. बूट फाटला की ग्रीस बाहेर, पाणी आणि वाळू आत. कोकणातल्या एका पावसाळ्यात तो जॉइंट खडखडायला लागतो. जॉइंट टाकूनच द्यायचा असेल तर पाचर वापरा, माझी हरकत नाही. पण किंगपिनच्या किंवा ब्रेकच्या कामासाठी चांगला जॉइंट फक्त बाजूला करायचा असताना पाचर उचलणं हा मालकाच्या मालाचा नाश आहे.

तिसरा प्रकार गॅसचा. नळकांडं पेटवायचं आणि आर्म लाल करायचा. ग्रीस उकळतं, बूट वितळतो, हे नुकसान निदान डोळ्यांना दिसतं. न दिसणारं नुकसान भयंकर असतं. आर्म घडीव पोलादाचा असतो आणि उष्णता देऊनच त्याला ताकद आणलेली असते. तो लाल केला की ती ताकद गेली, आणि बाहेरून काही कळत नाही. असा आर्म लावलेली गाडी बोर घाटात उतरवायला मी बसणार नाही आणि कुणाला बसू देणार नाही.

मग घ्यायचं काय? कात्रीसारखा, दोन जबड्यांचा पुलर. एक जबडा दुभंगलेला असतो, तो आर्म आणि बूटच्या मध्ये सरकतो. दुसरा पिनच्या टोकावर टेकतो. मागचा बोल्ट आवळला की पहिला उचलतो आणि दुसरा दाबतो. रबराला धक्का नाही, बॉलवर घाव नाही. दुकानात गेलात की आधी दुभंगलेल्या तोंडाची फट मोजा. 18, 20, 22 मि.मी. अशी मापं असतात. पिन आत मावायला हवी, पण फट फार मोठी असेल तर जबडा बूटवरच चढतो. आपल्या गाडीचा जॉइंट मोजून जा, दुकानदाराच्या "सगळ्याला बसतो"वर जाऊ नका. जबडे घडीव पोलादाचे हवेत. ओतीव लोखंडाचा पुलर जोर आला की तडकतो आणि तुकडा तोंडावर येतो. मोठ्या सांगाड्याचा, मध्ये स्क्रू असलेला दाबपुलरही उत्तम चालतो, पण पद्मिनीच्या चाकामागे त्याला जागा मिळेलच असं नाही. दोन्ही परवडत असतील तर दोन्ही घ्या. एकच घ्यायचा तर कात्रीवाला.

वापरायची पद्धतही सांगतो, कारण चांगला पुलर वाईट हातात मी पाहिलेला आहे. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. स्प्लिट पिन काढा, नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. काही आट्यांवर राहू द्या. त्याने पिनचे आटे वाचतात आणि जॉइंट सुटतो तेव्हा उडून अंगावर येत नाही. पुलरच्या बोल्टला ग्रीस लावा. आवळत जा, आणि पुढे जड लागलं की थांबा. पाइप घालून बोल्ट पिळायचा नाही. ताण आहे तसा ठेवून आर्मच्या टोकाला बाजूने, भोकाजवळ, हातोडीचा एक नेमका ठोका द्या. क्षणभर भोक किंचित दबतं, पकड मोडते आणि गोळी सुटल्यासारखा आवाज होऊन पिन मोकळी होते. हातोडीचं या कामात एवढंच स्थान आहे. डोळ्यांवर चष्मा हवाच.

हेरल्डवाल्यांना वेगळं सांगायला हवं. मद्रासच्या स्टँडर्डने बनवलेल्या त्या गाडीत सस्पेन्शनच्या वरच्या टोकाला बॉल जॉइंट आहे आणि खाली पितळी ट्रनियन. वरच्या जॉइंटवर घण घातला की तो हादरा त्याच उभ्या खांबातून खाली ट्रनियनच्या आट्यांपर्यंत जातो. एका जॉइंटपायी दोन भाग धोक्यात. आणि ज्या परदेशी गाड्यांत कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, तिथे आर्मखाली जॅक लावल्याशिवाय खालच्या जॉइंटला हातच लावू नका. ती स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो.

पुन्हा बसवतानाही गोंधळ घालणारे आहेतच. पिन आणि भोक पुसून कोरडं करायचं, तिथे ग्रीस लावायचं नाही. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळायचा, मागे सोडायचा नाही. स्प्लिट पिन दर वेळी नवी. टाय रॉडची लांबी बदलली असेल तर अलाइनमेंट करून घ्यायचं, नाहीतर नवे टायर कडेने खरवडून निघतील.

"एवढा वेळ कुणाला आहे?" हे मला दर गॅरेजमध्ये ऐकवलं जातं. पुलर लावायला लागतो तेवढाच वेळ पसरलेले आटे कानशीने घासायला लागतो, फक्त त्याचे पैसे मालकाकडून वसूल होतात. 1974 च्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडताहेत. केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. मूळ रूप म्हणजे नुसता पत्रा आणि रंग समजणाऱ्यांनी एकदा गाडीखाली आडवं होऊन बघावं.

मालकांनो, गाडी कामाला टाकण्याआधी मेकॅनिकला त्याचा बॉल जॉइंट पुलर दाखवायला सांगा. त्याच्याकडे नसेल तर आपला घेऊन जा आणि काम चालू असताना शेजारी उभे राहा. तरीही त्याने पिनवर हातोडी उगारली, तर किल्ली मागून घ्या आणि गाडी परत आणा.