बिल्ला गाईच्या कानात, जाच कुणाला?

जवाहरनगरहून भंडाऱ्याला किंवा नागपूरला कॉलेजला जाताना महामार्गाच्या कडेला बसलेल्या गाईंच्या कानांकडे एकदा नीट बघा. काहींच्या कानात पिवळा बिल्ला दिसेल, त्यावर १२ आकडे. काहींचे कान मोकळे, तर एखादीचा कान बिल्ला अडकून फाटलेला. ‘गाईचं आधार कार्ड’ म्हणून आपण यावर हसतो, मीम पाठवतो. पण ज्याच्या गोठ्यात दोन बैल आणि एक गाय एवढीच इस्टेट आहे, त्याला यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

आधी सरकारची बाजू नीट समजून घेऊ. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या रोगांविरुद्ध देशभर लसीकरणाचा कार्यक्रम सुरू केला. कोणत्या जनावराला लस दिली, कोणतं राहिलं, हे कळायचं तर ओळख हवीच. त्यासाठी हा बिल्ला, आणि त्याची नोंद आता ‘भारत पशुधन’ या प्रणालीवर. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा अशा नोंदीची किंमत आपल्याला कळली. इंग्लंडमध्येही ‘मॅड काऊ’ रोगाच्या धक्क्यानंतर, १९९६ पासून जन्मणाऱ्या गुरांना पासपोर्ट द्यायला सुरुवात झाली. रोग कुठून आला हे शोधायला नोंद लागते, यात वाद नाही.

वाद सुरू होतो तो सक्तीपाशी. राज्य सरकारने १ जून २०२४ पासून नियम लावला : कानात बिल्ला नसेल तर बाजार समितीत, आठवडी बाजारात, गावातसुद्धा जनावराची खरेदी-विक्री नाही. सरकारी दवाखान्याची सेवा नाही. वीज पडून, शॉक लागून किंवा वाघ-बिबट्याच्या हल्ल्यात जनावर मेलं, तर भरपाई नाही.

आता हा नियम आपल्या जिल्ह्यात आणून बघा. कोका अभयारण्य, नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला यांच्या काठावरच्या गावांत गुरं आखरावर जमतात आणि गायकी त्यांना जंगलाकडे चरायला नेतो. झुडपात, काटेरी कुंपणात बिल्ला अडकतो, कान फाटतो, बिल्ला पडतो. दुसऱ्या दिवशी त्याच गाईवर वाघाने झडप घातली तर? गाय खरी, वाघ खरा, नुकसान खरं. फक्त आकडा नाही. मग भरपाई कुणी द्यायची?

आणि आजारी जनावराला दवाखान्यात नाही म्हणायचं, हे तर मूळ हेतूच्या उलट झालं. ज्या रोगासाठी ही नोंद आहे, तो रोग बिल्ला बघून पसरत नाही. बिनबिल्ल्याचं आजारी जनावर दवाखान्याबाहेर राहिलं तर धोका बिल्लेवाल्यांनाही आहेच.

दुधाच्या पट्ट्यात याची झळ आधीच बसली. २०२४ च्या जानेवारीत गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर झालं, पण गाईच्या कानात बिल्ला, तिची ऑनलाइन नोंद आणि मालकाचं आधारशी जोडलेलं खातं, हे सगळं जुळलं तरच. दूध उत्पादकांच्या संघटनांनी अटी जाचक आहेत म्हणून आवाज उठवला. त्यांचं म्हणणं सरळ होतं : दूध तर डेअरीत रोज जातंच आहे, मग पैसे ॲपमध्ये का अडकावेत?

आपल्याकडचा विरोध मोर्च्याचा नाही. तो गप्प आहे. टोचणारे आले की जनावरं रानात सोडायची. ‘कान सडतो’, ‘शंकरपटाच्या जोडीचं रूप जातं’, अशी कारणं सांगायची. पण त्याच्या तळाशी एक भीती आहे : आज लसीसाठी घेतलेला नंबर उद्या पोलिसांच्या कामाला येईल का?

ही भीती हवेतून आलेली नाही. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा आला आणि त्याच महिन्यात मालेगावात पोलिसांनी मालकांना आपापल्या जनावरांचे फोटो जमा करायला सांगितले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गाईंना क्रमांक देण्याची शिफारस गेली, ती सीमेवरच्या तस्करीच्या संदर्भात. नोंद एक, कारणं दोन. म्हातारा बैल विकायला निघालेल्या शेतकऱ्याला कुठलं कारण आधी आठवणार?

हा प्रश्न फक्त आपलाच आहे असंही नाही. अमेरिकेत प्रत्येक जनावर नोंदवण्याची राष्ट्रीय योजना आली, तेव्हा छोटे शेतकरी सरकारच्या बैठकांत उभे राहून बोलले. मोठ्या कंपनीला हजारो कोंबड्यांच्या तुकडीला एकच नंबर, आणि चार कोंबड्या पाळणाऱ्याने एकेकीचा हिशेब ठेवायचा, हा कुठला न्याय? अखेर फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने ती योजना मागे घेतली. पुढे मर्यादित स्वरूपाचे नियम आले, पण लोकांचं ऐकल्यावर.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. बिल्ला असावा, पण शिक्षा म्हणून नसावा. उपचार कोणत्याही कारणाने थांबू नयेत. बिल्ला पडला तर पुन्हा मोफत आणि गोठ्यात येऊन मारला जावा. भरपाईसाठी पंचनामा आणि फोटो पुरेसा धरावा. आणि ही माहिती कोण बघू शकतो, कुणाला दिली जाते, हे मराठीत, लेखी सांगितलं जावं.

यात तुमचं काय काम? बरंच आहे. घरात स्मार्टफोन तुमच्या हातात असतो, बाबांच्या नाही. गोठ्यातल्या प्रत्येक जनावराच्या बिल्ल्याचा फोटो काढून ठेवा. नोंद कुणाच्या नावावर आहे, मोबाईल नंबर बरोबर आहे का, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन तपासा. जनावर विकलं असेल तर नोंदीतलं मालकाचं नाव बदलून घ्या. नाहीतर उद्या काही झालं तर फोन तुमच्याच घरी येईल. शेजारच्या आजीची एकच गाय असेल, तर तिचंही करून द्या.

आणि पुढच्या ग्रामसभेला जा. हे प्रश्न तिथे उभे राहून विचारा, ठरावात लिहून घ्या. जनावरं रानात लपवून नियम बदलत नाही. तो बदलायचा तर गप्प विरोधाला कागदावर आणावं लागेल, आणि घरात ते लिहिता येणारे तुम्हीच आहात.