काळं मुखपृष्ठ आणि रुसलेले श्रोते

'मेटॅलिका विकली गेली' असं हेवी मेटलचे जुने चाहते १९९१ पासून म्हणत आले आहेत. त्या वर्षी १२ ऑगस्टला काळ्या मुखपृष्ठाचा, बँडचंच नाव असलेला त्यांचा अल्बम आला. वेगाची चटक लागलेली मंडळी रुसली. त्यांचं रुसणं मला समजतं, पटत मात्र नाही.

आधीचा, १९८८ चा 'अँड जस्टिस फॉर ऑल' ऐका. नऊ गाणी, त्यातली दोन जवळजवळ दहा-दहा मिनिटांची. ताल सारखा बदलतो, एक तुकडा संपतो न संपतो तोच दुसरा सुरू. हुशारी ठासून भरलेली. (पाठ केलेली सगळी सुभाषितं एकाच निबंधात कोंबणारी मुलं आठवतात.) आणि गंमत बघा, न्यायाचं नाव घेणाऱ्या या अल्बममध्ये बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही! क्लिफ बर्टन १९८६ साली स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा हा बँडबरोबरचा पहिला पूर्ण अल्बम. बिचाऱ्यानं सगळं वाजवलं, पण मिक्सिंगमध्ये ते पुसलं गेलं.

पुढच्या अल्बमला निर्माता म्हणून बॉब रॉक आला. त्यानं चौघांना एकत्र वाजवायला लावलं. वेग उतरला, गाणी आखूड झाली. एकही सात मिनिटं गाठत नाही. 'सॅड बट ट्रू'साठी गिटारच्या तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवल्या. या सगळ्यामुळे वाद्यांच्या मधे जागा झाली आणि त्या जागेत बेस ऐकू यायला लागला. 'माय फ्रेंड ऑफ मिझरी'ची तर सुरुवातच बेसनं होते, आणि त्याच्या रचनाकारांत न्यूस्टेडचं नाव आहे. शैली बदलल्याची खरी कमाई मला तरी हीच वाटते.

'नथिंग एल्स मॅटर्स'मधल्या मायकेल केमेनच्या वाद्यवृंदावर अनेकांचा राग. पण संथ गाणं त्यांनी काय पहिल्यांदा केलं? 'फेड टू ब्लॅक' १९८४ चं आहे, आणि कुरकुर तेव्हाही झाली होती.

खप प्रचंड झाला हे खरं. एकट्या अमेरिकेत दीड कोटींहून जास्त प्रती. पण नुसतं खपवायचंच असतं तर ऑक्टोबर १९९० ते जून १९९१ स्टुडिओत कोण घासत बसलं असतं?

बारापैकी दोन-तीन गाणी मलाही भरतीची वाटतात. वेगच हवा असेल तर शेवटचं 'द स्ट्रगल विदिन' आहे की! रुसलेल्यांनी निदान तिथवर तरी ऐकायला हवं होतं.